व्हर्ना आत्याची बोली

"हे सिनसिनाटी आहे का?"

भिजलेली छत्री काउंटरवर आडवी ठेवत म्हातारीने विचारलं. प्रश्न साधाच होता, पण उत्तर आधीच ठाऊक असल्याची धार आवाजात होती.

ब्रिजेट डीटर्सने आपलं ड्युटीवरचं हसू काढलं. "सिनसिनाटी पलीकडच्या काठावर, मॅडम. मधे फक्त नदी आहे. आमच्या खिडकीतून फार सुरेख दिसतं."

"दिसत असेल. मी पैसे तिथे झोपायचे दिलेत, बघायचे नाही."

म्हातारीच्या मागे एक उंच तरुण उभा होता. एका हातात दोन बॅगा, दुसऱ्या हातात स्टेडियममध्ये बसायची लाल गादी, आणि टोपीच्या टोकावरून ओघळणारं एप्रिलचं पाणी. त्याने ब्रिजेटकडे बघून खांदे किंचित उचलले — 'माफ करा' म्हणायच्या ऐवजी. ब्रिजेटला हसू आलं. हे मात्र ड्युटीवरचं नव्हतं.

आमच्या कव्हिंग्टनला ही तक्रार नवी नव्हती. त्या काळी बोली लावून हॉटेल मिळवायच्या साइटचं फार वेड होतं. शहराचा भाग निवडायचा, किती ताऱ्यांचं हॉटेल हवं ते सांगायचं आणि आपण किती देऊ तो आकडा टाकायचा. एखाद्या हॉटेलला आकडा पटला की तुमच्या कार्डावरून पैसे गेलेच, आणि मगच हॉटेलचं नाव कळायचं. त्यानंतर बदल नाही, परतावा नाही. साइटवाल्यांनी नकाशावर सिनसिनाटीचा मध्यभाग आखताना नदी ओलांडून केंटकीतला आमचा काठही त्यातच ओढला होता. त्यामुळे ओहायो राज्यात उतरू म्हणून निघालेली माणसं केंटकीत येऊन पडायची आणि रिव्हरगेट हॉटेलच्या काउंटरवर ब्रिजेटशी भांडायची.

ही म्हातारी तर मुळात केंटकीचीच होती. नदीच्या वरच्या अंगाला, तास-सव्वा तासावर विलोपोर्ट नावाचं गाव आहे, तिथली. "म्हणजे मी केंटकीतून निघाले आणि केंटकीतच झोपणार," ती म्हणाली. "मग घरचा पलंग काय वाईट होता?"

तिचं नाव व्हर्ना फ्रायमन. मेझव्हिलच्या तंबाखूच्या वखारीत तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती, लिलावाच्या बोली टिपण्यात. पुढे लिलाव बंद पडले, पण व्हर्ना आत्याच्या कानातला लिलाव काही थांबला नाही. छापील किमतीला वस्तू घेणं म्हणजे तिच्या लेखी हार खाणं. बोलीची साइट तिला सापडली आणि म्हातारपणी खेळणं मिळालं. महिन्यातून एकदा, रेड्सची, म्हणजे सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाची, मॅच घरच्या मैदानावर असेल त्या पहिल्या शनिवारी, ती बोली लावून सिनसिनाटीला यायची. मॅच बघायची, दुसऱ्याने अंथरलेल्या पलंगावर झोपायचं आणि रविवारी घरी. बरोबर भाचा, नोलन. गाडी चालवायला.

आता, बोलीवर आलेल्या पाहुण्यांना मागच्या अंगाची, पार्किंगकडे तोंड असलेली खोली द्यायची असा रिव्हरगेटचा रिवाज होता. स्वस्तात आलेल्याला नदी कशाला, असं मॅनेजर रूपर्टसाहेबांचं म्हणणं. ब्रिजेटचा हात त्याच किल्लीकडे गेला होता, तेवढ्यात नोलन काउंटरवर वाकला. आत्या लॉबीतल्या माशांच्या पेटीकडे संशयाने बघत होती.

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "आत्याला नदी दिसली नाही तर झोप लागत नाही. खोली असेल तर बघा... नसली तरी चालेल. मी सांगेन तिला, अंधारात दिसत नाही म्हणून."

"आणि सकाळी?"

"सकाळी सांगेन, धुकं आहे."

ब्रिजेटने त्याच्याकडे नीट बघितलं. चेहरा अगदी सरळ होता, कान मात्र लाल झाले होते. तिने पार्किंगकडची किल्ली परत ठेवली आणि पाचव्या मजल्यावरची, नदीवरची, दोन पलंगांची खोली दिली.

रविवारी सकाळी नाश्त्याला गेटा होता — ओट आणि डुकराच्या मांसाची, तव्यावर कडक परतलेली वडी. आत्याने तीनदा वाढून घेतला. तेवढ्या वेळात नोलन किल्ली द्यायला काउंटरवर आला आणि किल्ली देऊन झाल्यावरही तिथेच उभा राहिला.

बोलता बोलता कळलं, तो विलोपोर्टची फेरीबोट चालवतो. इकडच्या गाड्या तिकडे, तिकडच्या इकडे.

"कंटाळा नाही येत?" तिने विचारलं.

"नदी रोज वेगळी असते. माणसं तीच. सगळी घाईत."

"मीसुद्धा घाईत असते हो."

"तुम्ही?" तो जरा हसला. "घाईत असतात त्यांना धुक्याबद्दल विचारायला वेळ नसतो."

तो गेला. आणि ब्रिजेटने हातातली किल्ली तिच्या खणात ठेवायला फार वेळ लावला...

*

मे महिन्यात तेच दोघं पुन्हा दारातून आत आले तेव्हा आत्या म्हणाली, असं दोनदा होणं हा निव्वळ योगायोग. जूनमध्ये ती म्हणाली, या हॉटेलची माझ्यावर साडेसाती आहे.

योगायोगही नव्हता आणि साडेसातीही नव्हती.

रिव्हरगेटमध्ये रोज सकाळी बोलीच्या साइटला किती खोल्या द्यायच्या आणि कितीपर्यंत खाली यायचं, हे ब्रिजेट ठरवायची. हे काम तिच्याकडे आपसूक आलं होतं, कारण रूपर्टसाहेबांना संगणकाचा राग होता. एप्रिलच्या थंडी-पावसातला शनिवार सोडला तर मॅचच्या शनिवारी साइटला एकही खोली द्यायची नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी पूर्ण दर देणारी माणसं दारात रांग लावतात. पण मे महिन्यातल्या त्या शनिवारसाठी ब्रिजेटने साइटला तीन खोल्या दिल्या, आणि दर इतका उतरवला की तिचा तिलाच संकोच वाटला. महिन्याचा हिशोब भरून काढायला ती आडवारी जीव तोडून खोल्या विकायची.

तिकडे विलोपोर्टला, आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वेगळाच उद्योग चालला होता. आत्याची दृष्टी पडद्यावर ठरायची नाही, म्हणून ती आकडा सांगायची आणि नोलन टाकायचा. कार्ड नोलनचं, आत्या रोख त्याच्या हातावर ठेवायची. आत्याने आकडा सांगितला की नोलन त्यात गुपचूप थोडे डॉलर आपले घालायचा. न जाणो, बोली कमी पडली आणि भलतंच हॉटेल मिळालं तर? जास्त दिले की रिव्हरगेटच मिळतं असं थोडंच होतं, पण आपलं कुणीतरी ऐकावं म्हणून माणूस जसं दोन पायऱ्या वर चढून हाक मारतो, तसं काहीसं.

फोन उचलून सरळ रिव्हरगेटमध्ये खोली मागावी, हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण आत्या तयार झाली नसती. आणि खरं म्हणजे... फोनवर खोली मागणं म्हणजे कारण सांगणं. बोलीत कारण सांगावं लागत नाही.

जूनमध्ये नोलनने टॉवेल मागायला सुरुवात केली. एकदा खाली आला, टॉवेल घेऊन गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

"पुरले नाहीत?" ब्रिजेटने विचारलं.

"आत्याला लागतात."

"आत्या तर मघाशी मॅचला गेल्या. माझ्यासमोरून."

नोलनने दाराकडे पाहिलं, टॉवेलांकडे पाहिलं. "हो, म्हणजे मलाही जायचंच आहे. गाडीत गादी विसरली होती, ती न्यायला..."

"टॉवेलात गुंडाळून?"

मग दोघंही हसत सुटले, आणि टॉवेल काउंटरवरच राहिले. मॅचला तो इतका उशिरा पोचला की आत्याने त्याचे शेंगदाणे संपवले होते.

जुलैत त्याने आत्याच्या परसातले टोमॅटो आणले, कागदी पिशवीत, अजून उन्हाने कोमट. आत्याने पाठवलेत, असं त्याने सांगितलं. आत्याला त्याचा पत्ता नव्हता. ब्रिजेटने ड्युटी संपल्यावर घरी जाऊन, सिंकवर ओणवं होऊन, मीठ लावून एक टोमॅटो खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. दुसरा खाताना तिला उगीचच गाणं म्हणावंसं वाटलं, आणि घरात कुणी नव्हतं म्हणून तिने म्हटलंही.

तिने त्याला जेवायला कुठे जायचं ते सांगितलं होतं — आमच्याकडे शेवयांवर दालचिनीच्या वासाचा खिमा आणि वर चीजचा डोंगर घालून देतात, ते कुठे चांगलं मिळतं ते. तो तिथे जाऊन आला आणि परत येऊन तिला सविस्तर वर्णन सांगत बसला, जणू ती कधी गेलीच नव्हती. तीही ऐकत राहिली. महिन्यातून एकदा येणारा हा माणूस. दोन दिवसांत काय बोलणं होत असेल? पण उरलेले दिवस ती त्याचं काही ना काही बोलणं आठवत असायची, आणि सकाळी साइटला दर कळवताना कॅलेंडरवर पुढचा मॅचचा शनिवार बोटाने शोधायची.

*

ऑगस्टमधल्या रविवारी, निघायच्या वेळी, नोलन काउंटरवर आला. या वेळी हातात काही नव्हतं. ना टॉवेल, ना टोमॅटो. त्याने टोपी काढली, परत घातली.

"पलीकडच्या काठावर, त्या कारंज्याजवळ आईस्क्रीमचं दुकान आहे ना," तो म्हणाला. "काळ्या रासबेरीचं मिळतं म्हणतात. तुमची ड्युटी कधी संपते? म्हणजे मी... आम्ही थोडं थांबू शकतो. मी थांबू शकतो."

ब्रिजेटने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि नेमके त्याच क्षणी रूपर्टसाहेब मागच्या दारातून शनिवारची पोस्ट घेऊन बाहेर आले.

"आम्हाला पाहुण्यांबरोबर बाहेर जायला मनाई आहे," ती म्हणाली.

खरंच होती. नोकरीला लागताना पहिल्याच दिवशी सांगतात. गेल्याच वर्षी एका पाहुण्याबरोबर नाचायला गेली म्हणून एका मुलीची नोकरी गेली होती. पण ब्रिजेटच्या तोंडून ते वाक्य असं आलं, जणू दारावरची पाटी वाचून दाखवावी. पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं — मनाई आहे, पण... तो 'पण' तिच्या ओठांवर होता. साहेब पाकिटं चाळत तिथेच उभे राहिले.

"बरोबर आहे," नोलन म्हणाला. "बरोबरच आहे. मला सुचायला हवं होतं."

तो बॅगा उचलायला वळला. लॉबीतल्या सोफ्यावर व्हर्ना आत्या खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवत बसली होती. कागद सुटायला बराच वेळ लागत होता. तिने एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा काउंटरमागच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी रजिस्टरवर मान खाली घालून उभी होती आणि काहीही लिहीत नव्हती.

परतीच्या रस्त्यात नोलन एक शब्द बोलला नाही. आत्याही बोलली नाही, आणि हे जास्त काळजीचं होतं.

*

सप्टेंबरचा शनिवार म्हणजे मोसमातली आत्याची शेवटची मॅच. मग थेट पुढचा एप्रिल. नोलन म्हणाला, या वेळी नको जायला, माझी बोटीवर गरज आहे. आत्या म्हणाली, बोट तुझ्याआधीही चालत होती. तो नाइलाजाने संगणकासमोर बसला, भाग निवडला, कार्डाचा नंबर टाकला, आणि तेवढ्यात आत्याने त्याला कोंबड्यांना पाणी घालायला पिटाळलं. ऊन फार आहे म्हणाली.

तो परत आला तेव्हा पडद्यावर अभिनंदन लिहिलेलं होतं. आणि खाली एका मोठ्या हॉटेलचं नाव. पलीकडच्या काठावरचं, संगमरवरी पायऱ्यांचं. रिव्हरगेट तीन ताऱ्यांचं, हे चारचं.

"आत्या, हे काय केलंस?"

"चष्मा नव्हता लावला," आत्या म्हणाली. "चुकून बोट पडलं असेल. आता रद्द होतं का?"

"नाही होत."

"मग झालं तर. लागली बोली की लागली."

नोलनने पडदा मिटला. बरंच झालं, असं तो म्हणाला. आणि मग बोटीवर जाऊन त्याने कारण नसताना दोर धुतले.

इकडे रिव्हरगेटमध्ये ब्रिजेटने साइटला पुन्हा तीन खोल्या दिल्या होत्या. या खेपेला नोलन आला की काय बोलायचं, ते तिने स्कूटरवर, अंघोळ करताना, बँकेच्या रांगेत अनेकदा म्हणून बघितलं होतं. शनिवारी सकाळी पहिली खोली एका दंतवैद्य जोडप्याला गेली. दुसरी, अॅकॉर्डियन घेऊन आलेल्या एका लठ्ठ गृहस्थांना. तिसऱ्या खोलीचं नाव यायचं होतं. दार उघडलं की तिची मान वर जायची. शेवटी तिसरी खोलीही गेली, इंडियानाहून आलेल्या दोन बहिणींना, आणि त्या काउंटरवर छत्री आपटून म्हणाल्या, हे सिनसिनाटी नाही.

वरून रूपर्टसाहेब आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"मॅचच्या शनिवारी बोलीवर खोल्या? ब्रिजेट, हे कोणी केलं?"

"मी केलं."

"का?"

ब्रिजेटने काय सांगावं? "मला वाटलं होतं, कुणी येईल," ती म्हणाली. "नाही आलं. पुन्हा नाही होणार, साहेब."

साहेब चिडणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी आवरतं घेतलं. पुढच्या महिन्यापासून खोल्यांचे आकडे मला दाखवूनच द्यायचे, एवढं म्हणून ते आत गेले. ब्रिजेटने तिन्ही किल्ल्यांचे रिकामे खण एकदा पाहिले. मनाई आहे म्हटलं ना आपण. मग कोण येईल?

*

मॅच दुपारची होती. तिसऱ्या डावात नदीवरून ढग आले आणि बघता बघता इतकं कोसळलं की खेळाडू पळत आत गेले. मैदानावर ताडपत्री ओढली गेली. माणसं जिन्याखाली, छपराखाली गर्दी करून उभी राहिली. आत्या आणि नोलन एका खांबाला टेकले होते. पलीकडे, पावसाच्या पडद्याआड, निळा झुलता पूल दिसत होता आणि त्याच्या टोकाला कव्हिंग्टन.

नोलन तिकडे बघत होता. आत्या त्याच्याकडे.

"चष्मा लावला होता मी," ती म्हणाली.

"काय?"

"बोली लावताना. चष्मा लावून, नीट वाचून चार तारे निवडले. तुझ्या त्या हॉटेलला तीनच आहेत."

नोलनला काही समजेना. "पण का?"

"अरे, त्या मुलीने काय सांगितलं तुला? पाहुण्यांबरोबर बाहेर जायला मनाई आहे. तू आवडत नाहीस असं म्हणाली का? नाही. तुझ्याबरोबर जायचं नाही असं म्हणाली? तेही नाही. मी जन्मभर माणसांच्या तोंडाकडे बघून ओळखलंय, कोण बोली सोडतोय आणि कोणाला अजून बोलायचंय. त्या मुलीला बोलायचं होतं. तुझं लक्ष टोपीत होतं."

पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता.

"आज तू तिथला पाहुणा नाहीस," आत्या म्हणाली. "जा."

"तू एकटी..."

"मला शेंगदाणे आहेत. आणि नोलन, सव्वा तासाच्या अंतरावर राहतोस रे. महिन्यातून एकदा बोली लावत बसलास. मध्येच एखाद्या मंगळवारी यायला काय झालं होतं, गधड्या?"

नोलनने टोपी घट्ट बसवली आणि तो पळाला.

आमच्या पुलाचा रस्ता लोखंडी जाळीचा आहे. वरून गाड्या गेल्या की तो गुणगुणतो. लहान मुलं त्याला गाणारा पूल म्हणतात. त्या दिवशी पावसातही तो गुणगुणत होता. नोलन छत्री न घेता, कडेच्या फळ्यांवरून निम्मा चालत, निम्मा धावत पलीकडे गेला.

ब्रिजेटने मान वर केली तेव्हा तो काउंटरसमोर उभा होता आणि त्याच्याखाली गालिच्यावर तळं साचत होतं. इतके दिवस म्हणून बघितलेलं सगळं ती विसरली. हात सवयीने कीबोर्डवर गेले.

"तुमच्या नावाने... काही दिसत नाही," ती म्हणाली.

"नसणारच. मी तिकडे उतरलोय. पलीकडे. चार तारे."

"ओह." तिचा चेहरा उतरला. "छान आहे ते. उशा चांगल्या असतात म्हणे."

"आत्याला नाही आवडल्या." त्याने श्वास घेतला. "मिस डीटर्स, मी इथला पाहुणा नाही. आज नाही. हे सांगायला आलो."

ब्रिजेट त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात येताना तिचा चेहरा कसा झाला ते नोलन पुढे कित्येकांना सांगायचा. पण त्याला ते कधीच धड सांगता आलं नाही.

"माझी ड्युटी तीनला संपते," ती म्हणाली. आणि मग घाईघाईने, मागच्या दाराकडे एक नजर टाकून, "बसा ना तोवर. सोफ्यावर."

"नको. सोफ्यावर बसलो आणि कुणी मला पाहुणा समजलं तर? मी बाहेर थांबतो."

आणि तो खरोखरच बाहेर, दारावरच्या कापडी छपराखाली जाऊन उभा राहिला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. रूपर्टसाहेब मागून आले, त्यांनी गालिच्यावरचं पाणी पाहिलं, बाहेरची पाठ पाहिली, ब्रिजेटचा चेहरा पाहिला. "हा तो? येणार होता तो?" त्यांनी विचारलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले की आज काउंटर ते सांभाळतील, संगणकाला हात लावायची वेळ आली नाही म्हणजे मिळवली.

पाऊस ओसरला होता. आईस्क्रीम घेऊन ते परत पुलावर आले, कारण दुकानात ओल्या कपड्यांनी थंडी वाजत होती आणि पुलावर ऊन पडलं होतं. दोघांच्या मधे अंतर होतं, एका माणसाचं. चालता चालता ते अर्ध्या माणसाचं झालं.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम दुसरीकडे उतरलात," ब्रिजेट म्हणाली. "मी खोल्या ठेवल्या होत्या. तीन."

"खोल्या ठेवल्या होत्या म्हणजे?"

मग तिला सांगावंच लागलं. मे महिन्यापासूनचं सगळं. दर उतरवल्याचं, आडवारी राबल्याचं, दंतवैद्याचं आणि अॅकॉर्डियनचंही. नोलन थांबलाच. त्याचं आईस्क्रीम मनगटावरून वाहू लागलं.

"तुम्ही दर उतरवत होतात," तो म्हणाला. "आणि मी... मी आत्याच्या आकड्यात माझे घालून तो वाढवत होतो."

"कशाला?"

"तुमचंच हॉटेल मिळावं म्हणून."

"अहो, मी इतकं खाली आणलं होतं की आत्यांच्या आकड्यातही मिळालंच असतं."

"मला काय माहीत?"

ती हसायला लागली, कठड्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तोही हसला. खालून एक बार्ज चालला होता, कोळशाने भरलेला, संथ. पलीकडे स्टेडियममधून आरडाओरडा उठला. खेळ पुन्हा सुरू झाला होता. तिने विचारलं, आत्या वाट बघत असतील ना? तो म्हणाला, शेवटचा डाव संपायच्या आत मी परत गेलो तर ती मला घरात घेणार नाही.

मग त्याने टोपी काढली. आता गंमत उरली नव्हती.

"ब्रिजेट," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने. "तुम्ही मला फार आवडता. एप्रिलपासून. मला नीट बोलता येत नाही, पण हे खरं आहे."

ब्रिजेटने त्याच्या मनगटावरचं आईस्क्रीम आपल्या रुमालाने पुसलं. पुसून झालं तरी मनगट सोडलं नाही.

"मला 'तुम्ही' म्हणून आवडून घ्यायचं नाही," ती हळूच म्हणाली. "तिथे काउंटरवर दिवसभर सगळे 'तुम्ही'च म्हणतात."

त्याचे कान लाल झाले.

"तू," तो म्हणाला. "तू मला आवडतेस."

"तूसुद्धा," ती म्हणाली. आणि उरलेलं अर्ध्या माणसाचं अंतर तिनेच मिटवलं. त्याच्या शर्टाला पावसाचा आणि रासबेरीचा वास येत होता. वरून गाड्या जात होत्या, पूल गुणगुणत होता... आणि सायकलवरून चाललेल्या एका पोस्टमनने घंटी वाजवून त्यांना वाट करून द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे ते बाजूला झाले.

*

रविवारी सकाळी व्हर्ना आत्या चार ताऱ्यांच्या हॉटेलमधून चालत पूल ओलांडून रिव्हरगेटच्या नाश्त्याला आली. तिकडे गेटा मिळत नव्हता. तिने पूर्ण पैसे देऊन नाश्ता घेतला, घासाघीस न करता, आणि हे तिने नंतर कधी कबूल केलं नाही.

आत्याचा मॅचचा मोसम संपला होता. पण सोमवारी ब्रिजेटला सुट्टी होती.

ती सकाळीच निघाली, नदीकाठच्या रस्त्याने, खिडक्या खाली करून. विलोपोर्टच्या धक्क्यावर पोचली तेव्हा बोट पलीकडून येत होती. रांगेत तिची गाडी पहिली. नोलनने सगळ्यांना करतो तसा हाताने इशारा केला, ये, ये, अजून पुढे, थांब... आणि मग त्याने काचेतून आत बघितलं आणि त्याचा हात हवेतच राहिला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

पलीकडे, ओहायोच्या काठावर, सगळ्या गाड्या उतरल्या. तिची उतरली नाही. नव्या गाड्या चढल्या, बोट परत निघाली, केंटकीत आली. तरी तिची गाडी तिथेच. ती गाडीच्या टपाला टेकून उभी, केसांत वारा, आणि तो सुकाणूच्या खोलीच्या उघड्या दारातून तिच्याशी बोलतोय. पुन्हा ओहायो. पुन्हा केंटकी. ट्रकवाले आता हॉर्न देईनात. ते तिच्या गाडीला वळसा घालून चढायला शिकले होते. दुपारपर्यंत दोन्ही काठांवरच्या गावांना बातमी पोचली. आत्याने डब्यातून सँडविच पाठवले, तिघांना पुरतील एवढे, आणि स्वतः मात्र आली नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला, नदीच्या मध्यावर, नोलनने इंजिन जरा मंद केलं.

"तुला उतरायचंय कुठे?" त्याने विचारलं.

ब्रिजेटने एका काठाकडे बघितलं, मग दुसऱ्या.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "तू चालव."